ऑनलाइन वर्गातल्या नोंदी आणि सूचना : सीमाभागात अभ्यास करणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या मराठी शाळांत आणि पीयू (अकरावी-बारावीच्या) कॉलेजांत ऑनलाइन वर्ग कसे चालतात, यावर प्रकल्प करणारी बी.एड., एम.एड.ची मुलंमुली दरवर्षी भेटायला येतात. एखादा पीएच.डी.वालाही येतो. मी हायस्कूलला गणित शिकवतो आणि शाळा सुटल्यावरच्या वर्गासाठी एक लहानसं मूडल (ऑनलाइन वर्ग चालवायचं सॉफ्टवेअर) चालवतो, एवढंच माझं भांडवल. प्रश्न मात्र तेच ते असतात. चहा पिता पिता दिलेली उत्तरं एकदाची लिहून काढली आहेत. क्रम लोक विचारतात तसाच ठेवला आहे.

नोंद ठेवणारं साधन म्हणजे नेमकं काय?

विद्यार्थी ऑनलाइन वर्गात जे जे दाबतो, उघडतो, जमा करतो, त्याची वहीत होते तशी नोंद करणारी व्यवस्था. कोण, कधी, कशावर, काय केलं. सूचनेचं साधन म्हणजे या नोंदींवरून किंवा तारखेवरून कुणाला तरी हाक मारणारी व्यवस्था : 'उद्या स्वाध्याय जमा करायचा आहे', 'तुमच्या प्रश्नाला उत्तर आलं आहे', 'पाल्याचे दोन स्वाध्याय राहिले आहेत'.

प्रकल्पाच्या मथळ्यात लोक ही दोन्ही एकत्र टाकतात आणि पुढे गोंधळ होतो. नोंद मुकी असते, सूचना बोलते. नोंद चुकली तर तुमचा तक्ता चुकतो. सूचना चुकली तर घरात पोराला बोलणी बसतात. अभ्यास कशाचा करायचा आहे, ते आधी ठरवा.

कोणत्या साधनात काय दिसतं?

मूडलमध्ये सगळ्यात जास्त. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरातल्या मार्टिन डुगियामास यांनी ते सुरू केलं, २००२ साली त्याची १.० आवृत्ती आली, आणि ते मुक्त असल्यामुळे कुठलीही शाळा आपल्या सर्व्हरवर बसवू शकते. त्यात प्रत्येक क्लिकची नोंद, गेल्या तासाभरातल्या हालचालींची चालू यादी, कोणत्या उपक्रमात कोण सहभागी झालं याचा अहवाल, आणि धडा 'पूर्ण' झाला की नाही याची खूण मिळते. नोंदी किती दिवस ठेवायच्या ते व्यवस्थापकाला ठरवता येतं. म्हणून गेल्या वर्षीच्या नोंदी हव्या असतील तर वर्ष संपायच्या आत मागा. दोघीजणी उशिरा आल्या आणि रिकाम्या हाताने परत गेल्या.

गूगल क्लासरूम २०१४ मध्ये आलं. शाळांना फुकट मिळणाऱ्या आवृत्तीत शिक्षकाला गृहपाठ जमा झाला, उशिरा झाला की राहिला, एवढं दिसतं. तुम्ही टाकलेली पीडीएफ कुणी उघडली, हे सरळ दिसत नाही.

यूट्यूबवर चढवलेल्या धड्याला किती जणांनी पाहिलं आणि सरासरी कितव्या मिनिटाला सोडलं ते कळतं, कोणी ते कळत नाही. ते एका अर्थी बरंच आहे. सातव्या मिनिटाला अर्धा वर्ग उठून गेला, तर दोष माझ्या सातव्या मिनिटात आहे हे मला नावांशिवायही कळतं.

आणि व्हॉट्सअ‍ॅप. आपल्याकडचा खरा ऑनलाइन वर्ग तोच, हे कुणी प्रबंधात लिहीत नाही. तिथल्या निळ्या खुणा २०१४ च्या नोव्हेंबरात आल्या. ग्रुपवर टाकलेल्या आपल्या संदेशाची माहिती उघडली की कुणाला पोचला आणि कुणी वाचला ते दिसतं. वैयक्तिक गप्पांमधली 'वाचल्याची पोच' बंद करता येते, ग्रुपमधली करता येत नाही. पण तो फोन वडिलांचा असतो, आणि वडील फाउंड्रीत पाळीवर असतात.

स्कॉर्म आणि एक्स-एपीआय ही काय भानगड आहे?

एका ठिकाणी बनवलेला धडा दुसऱ्या व्यवस्थेत चालावा आणि 'पूर्ण झाला, इतके गुण पडले' असं त्याने तिथे कळवावं, यासाठीचे हे ठराव. स्कॉर्मची १.२ आवृत्ती २००१ ची, आणि अजूनही ती पुष्कळ ठिकाणी चालते. एक्स-एपीआय २०१३ मध्ये आलं. त्यात नोंद वाक्यासारखी असते : कर्ता, क्रियापद, कर्म. 'विद्यार्थिनीने सोडवलं उदाहरण ४.' मराठी शाळेत सहावीला वाक्याचे भाग शिकवतो, तेच. एम.एड.च्या प्रकल्पाला याच्या खोलात जायची गरज पडत नाही.

मुलगा म्हणतो 'सर, मी केलो की ओ, तुमच्यात दिसत नाही काय?' पडद्यावर मात्र काहीच नाही. खरं कोण?

बहुतेक वेळा दोघंही. हा प्रश्न या पानावरचा मुख्य आहे, म्हणून जरा विस्ताराने.

पहिली गोष्ट, 'पूर्ण' म्हणजे काय हे शिक्षकाने ठरवलेलं असतं. मूडलमध्ये एखादा धडा विद्यार्थ्याने स्वतः खूण केल्यावर पूर्ण धरता येतो, नुसता उघडल्यावर धरता येतो, किंवा स्वाध्याय जमा केल्यावर, ठरावीक गुण मिळाल्यावर धरता येतो. एकाच शाळेत गणिताच्या सरांनी 'गुण' निवडलेलं असतं आणि समाजविज्ञानाच्या बाईंनी 'उघडलं की झालं'. मग अहवालात समाजविज्ञानात सगळा वर्ग हिरवा आणि गणितात अर्धा वर्ग कोरा. यावरून 'विद्यार्थ्यांचा कल समाजविज्ञानाकडे अधिक' असा निष्कर्ष काढलेला मसुदा मी वाचला आहे. लिहिणारी हुशार होती, तिला सेटिंगचं पान कुणी दाखवलंच नव्हतं. नोंदी उतरवण्याआधी प्रत्येक धड्याची पूर्णतेची अट वहीत टिपून घ्या.

दुसरी गोष्ट, फोन. एका फोनवर दोन भावंडं असतात. थोरलीच्या खात्यात धाकटा प्रश्नमंजुषा सोडवतो, कारण बाहेर पडून पुन्हा आत यायचं तर पासवर्ड लागतो आणि पासवर्ड शाळेच्या डायरीत असतो. नोंदीत नववीची मुलगी सहावीचे अपूर्णांक सोडवताना दिसते. संगणकाच्या दृष्टीने त्यात चूक काहीच नाही. खातं तिचंच होतं.

तिसरी, ऑफलाइन काम. मूडलचं अ‍ॅप धडा उतरवून ठेवू देतं आणि नेट नसताना काही काम करू देतं. जांबोटी, कणकुंबीकडे पावसाळ्यात नेटचा नेम नसतो. मुलगा रविवारी घरी बसून सोडवतो, सोमवारी एसटीने खानापूरला आला की फोनला रेंज मिळते आणि काम वर चढतं. काही नोंदींवर चढल्याचीच वेळ पडते. सोमवारी सकाळी एसटीत बसून दहा मिनिटांत पाच स्वाध्याय केले, असं तक्ता सांगतो. त्यावर 'नक्कल केली असावी' असा शेरा मारला की झाली चोर सोडून संन्याशाला सुळी.

चौथी, छापील प्रत. झेरॉक्सच्या दुकानातून स्वाध्याय छापून घेतात आणि वहीत सोडवतात. तो सगळा अभ्यास नोंदीच्या बाहेर. ज्यांच्याकडे नोंद कमी, त्यातल्या दोघांच्या वह्या मी मागवल्या होत्या. एकाची वही माझ्या वहीपेक्षा नेटकी निघाली.

म्हणून अभ्यास कितीही लहान असला तरी नोंदीतली आठ-दहा मुलं निवडा, त्यांच्या घरी जा, आणि त्या आठवड्याची यादी समोर ठेवून विचारा : 'या दिवशी हे दाबलेलं दिसतंय, काय करत होतास?' निवडताना सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी नोंदीवाली, अशी दोन्ही टोकं घ्या. मधल्यांकडून फारसं नवं कळत नाही.

विद्यार्थ्याने किती वेळ अभ्यास केला हे नोंदीतून निघतं का?

अंदाज निघतो, तोही तुमच्या गृहीतावर. मूळ मूडल वेळ मोजत नाही, क्लिकचा क्षण लिहितं. दोन क्लिकमधलं अंतर म्हणजे 'अभ्यासाचा वेळ' असं आपण धरतो. ६.०५ ला धडा उघडला, ६.४० ला पुढचं पान दाबलं, म्हणजे ३५ मिनिटं वाचन? की मधे म्हशीची धार काढून झाली? आणि शेवटच्या क्लिकनंतर किती वेळ वाचलं, त्याला तर हिशोबच नाही.

यावर उपाय म्हणून लोक मर्यादा घालतात : अर्ध्या तासापेक्षा मोठं अंतर दिसलं की बैठक संपली असं समजायचं. काही जण एक तास धरतात, काही दहा मिनिटं. विटोमिर कोव्हानोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये नेमकं हेच तपासलं, की वेळ काढायची रीत बदलली तर संशोधनाचे निष्कर्ष बदलतात का. बदलतात, हे त्यांनी दाखवून दिलं. तुमच्या प्रकल्पात 'सरासरी अभ्यासवेळ' असा रकाना असेल तर मर्यादा किती धरली ते लिहा, आणि दुसरी मर्यादा धरून तोच तक्ता एकदा पुन्हा काढा. दोन्हींत चित्र तेच राहिलं तर ठीक. नाही राहिलं तर तो रकाना काढून टाका, आणि काढला हेही लिहा.

मी स्वतः वेळेपेक्षा 'आठवड्यात किती वेगवेगळ्या दिवशी आला' हे पाहतो. मोजायला सोपं, आणि म्हशीमुळे बिघडत नाही.

मुलं दुपारी तीनला अभ्यास करतात असं दिसतंय. तेव्हा तर ती शाळेत असतात!

जागतिक प्रमाणवेळ. मूडलच्या पडद्यावर वेळ तुमच्या खात्यात निवडलेल्या वेळेप्रमाणे दिसते, पण डेटाबेसमधून कच्च्या नोंदी काढल्या की तिथे नुसती सेकंदांची मोजणी असते. ती सॉफ्टवेअरमध्ये टाकून तारखेत बदलताना भारतीय वेळ सांगितली नाही तर सगळं साडेपाच तास मागे सरकतं. रात्री ८.३० चा अभ्यास दुपारी ३ चा होतो. पहाटे ५ ला उठून बसणारी मुलगी तर आदल्या दिवशी रात्री ११.३० ला अभ्यास करताना दिसते, म्हणजे तारीखसुद्धा चुकते आणि 'मंगळवारी गैरहजर' असा शेरा तिच्या नावावर पडतो. आकडे उतरवल्यावर पहिल्यांदा दुपारचे तास तपासा.

मुलगा खानापूर तालुक्यात, आणि नोंदीत त्याचं ठिकाण दुसऱ्याच शहराचं. खोटं बोलतोय का?

नाही. नोंदीतला आयपी पत्ता (इंटरनेटवर फोनची ओळख सांगणारा आकडा) मोबाइल कंपनीच्या जाळ्याचा असतो. त्यावरून काढलेलं ठिकाण पुष्कळदा कंपनीचं केंद्र असलेल्या मोठ्या शहराचं निघतं. आपल्याकडे आणखी एक गंमत. हद्दीवरच्या गावात कधी कर्नाटकाचा टॉवर पकडतो, कधी चंदगडच्या बाजूचा. घरात एक सिम या सर्कलचं, दुसरं महाराष्ट्राचं. सीमाप्रश्न मोबाइलच्या टॉवरने केव्हाच सोडवून टाकला आहे. तेव्हा आयपीवरून गाव, तालुका, राज्य असं वर्गीकरण करू नका, शाळेच्या पटावरून करा.

तसंच, दोन मुलांचा आयपी पत्ता एकच दिसला म्हणून कॉपी ठरवू नका. मोबाइल कंपन्या एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटतात.

सूचना किती पाठवाव्यात?

जितक्या पाठवता त्याच्या निम्म्या, असं माझं मत. रोज मरे त्याला कोण रडे. मूडलमध्ये एखाद्या चर्चेचं सदस्यत्व सगळ्यांना सक्तीचं करता येतं, आणि नवीन शिक्षक उत्साहात ते करून टाकतात. मग चाळीस मुलांच्या वर्गात कुणी 'गुड मॉर्निंग सर' लिहिलं की चाळीस फोन वाजतात. आठवड्यात मुलं सूचना बंद करतात, आणि परीक्षेचं वेळापत्रक बदलल्याची सूचनाही त्यातच जाते. याला उतारा मूडलमध्येच आहे, दिवसभराच्या चर्चेचा एकच गोषवारा पाठवण्याची सोय.

संशोधनही वाचण्यासारखं आहे. २०१५ मध्ये फ्लोरिडा स्टेट विद्यापीठातल्या स्टोथार्ट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की फोन हातात न घेतासुद्धा, नुसत्या वाजण्याने किंवा थरथरण्याने लक्ष लागणाऱ्या कामात चुका वाढतात. म्हणजे आपली 'अभ्यास कर' ही सूचनाच अभ्यास मोडू शकते. दुसरा प्रयोग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तो भारतातल्या फोनधारकांवर झाला होता, म्हणून मला जवळचा वाटतो. काहींना सूचना नेहमीसारख्या, काहींना तासातासाला एकत्र, काहींना दिवसातून तीनदा, काहींना अजिबात नाहीत. दिवसातून तीनदा एकत्र मिळणाऱ्यांना सगळ्यात बरं वाटलं. ज्यांच्या सूचना पूर्ण बंद केल्या त्यांची मात्र घालमेल वाढली. प्रयोग शाळकरी मुलांवरचा नव्हता, तेव्हा जसाच्या तसा उचलू नका.

मी सध्या संध्याकाळी सातला एकच सूचना पाठवतो. सातच का? त्या वेळी बहुतेक घरांत वडिलांचा फोन घरी आलेला असतो.

सूचना पाठवली, मुलं म्हणतात आलीच नाही.

सर्व्हरपासून फोनपर्यंत बघत या. मूडलमध्ये सूचना पाठवण्याचं काम 'क्रॉन' नावाची पार्श्वभूमीवर चालणारी यंत्रणा करते, आणि ती दर मिनिटाला चालावी अशी अपेक्षा असते. स्वस्तातल्या होस्टिंगवर ती बंद पडलेली असते आणि कुणाला पत्ता नसतो. माझं मूडल ज्यांच्याकडे होतं त्यांनी एकदा सर्व्हर हलवला आणि क्रॉन लावायचं राहून गेलं. तीन आठवडे मी मुलांना 'लक्ष नाही तुमचं' म्हणून बोलत होतो. मुलं ऐकून घेत होती.

क्रॉन चालू असेल तर चर्चेची सूचना लगेच येत नाही हे लक्षात घ्या. लिहिणाऱ्याला दुरुस्तीसाठी सुरुवातीच्या सेटिंगप्रमाणे ३० मिनिटं दिलेली असतात, त्यानंतर ती निघते.

मग फोन. अँड्रॉइड १३ पासून नवीन अ‍ॅपला सूचना दाखवण्यासाठी परवानगी मागावी लागते. घाईत 'नको' दाबलं की विषय संपला. शिवाय अँड्रॉइड ६ पासून फोन पडून असताना अ‍ॅपला झोपवून बॅटरी वाचवायची सोय आहे, आणि काही कंपन्यांचे स्वस्त फोन त्याहून कडक वागतात. त्यांच्यात 'ऑटोस्टार्ट' चालू करावं लागतं. फोन बंद किंवा रेंजबाहेर असेल तर सूचना गूगलच्या सर्व्हरवर थांबते, जास्तीत जास्त चार आठवडे. आजीच्या गावाहून परत आलेल्या मुलाच्या फोनवर उलटून गेलेल्या तारखांच्या सूचना धडाधड येतात त्या यामुळे.

तुमच्या अभ्यासात 'सूचना दिली' या रकान्याचे तीन रकाने करा : पाठवली, पोचली, पाहिली. तिसरा मुलाला विचारूनच भरावा लागेल.

ईमेल उघडली की नाही हे कळतं म्हणतात, ते वापरू का?

नका वापरू. मेलमध्ये एका ठिपक्याएवढं चित्र लपवतात आणि ते उतरलं की मेल उघडली असं धरतात. अ‍ॅपलने २०२१ पासून मेल न उघडताच चित्रं उतरवून घेण्याची सोय दिली, त्यामुळे तो आकडा भरवशाचा राहिला नाही. आणि आपल्या मुलांचा ईमेल पत्ता पुष्कळदा सायबर कॅफेवाल्याने काढून दिलेला असतो, पासवर्डही त्यालाच माहीत.

सूचना कोणत्या भाषेत पाठवायची?

इथे बाहेरचे संशोधक गडबडतात. त्यांना वाटतं मराठी शाळा, म्हणजे मराठी सूचना. मुलाला मराठी आणि कन्नड दोन्ही वाचता येतात, थोडी इंग्रजीही. आई मराठी शाळेत शिकलेली, तिला कन्नड बोलता येतं पण लिपी जुळवून वाचावी लागते. मोठा भाऊ इंग्रजी माध्यमातला, तो रोमन लिपीतलं मराठी झरझर वाचतो. निपाणीच्या एका घरात आजीला अक्षरओळखच नाही, आयुष्य विड्या वळण्यात गेलं, पण नातवाचा अभ्यास झाला का हे रोज विचारणारी तीच. तिला कुठलीच लिपी नको, तीस सेकंदांचा आवाजी निरोप हवा.

मूडलमध्ये मराठी आणि कन्नड दोन्हींचे भाषासंच आहेत, अर्धेमुर्धे भाषांतरित. सूचना ज्याच्या त्याच्या खात्यात निवडलेल्या भाषेत जाते, मात्र भाषांतर नसलेली वाक्यं इंग्रजीत जातात. परिणामी 'तुमचा स्वाध्याय' मराठीत आणि पुढचं सगळं इंग्रजीत, असली खिचडी तयार होते. सूचनांची वाक्यं मोजकी असतात, ती एका संध्याकाळी आपल्या हाताने मराठीत लिहून घ्या. 'सबमिशन ओव्हरड्यू' चं 'प्रस्तुती मुदतबाह्य' असं करू नका. 'स्वाध्याय द्यायची तारीख उलटली' हे सगळ्यांना कळतं.

एसएमएसचा विचार असेल तर खर्चाचं गणित वेगळं आहे. रोमन लिपीत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात. देवनागरी किंवा कन्नडमध्ये ७०, आणि त्यात काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात. 'विद्यार्थी' हा शब्द आपल्याला तीन अक्षरांचा वाटतो, यंत्र दहा मोजतं. त्यामुळे साधा निरोपही दोन एसएमएसचा होतो. वर पाठवणाऱ्याचं नाव आणि निरोपाचा साचा दोन्ही आधी नोंदवून मंजूर करून घ्यावे लागतात.

मागे पडणारा विद्यार्थी यंत्राने आधीच ओळखला तर? असं काही आहे ना?

आहे. मूडलमध्ये २०१७ च्या ३.४ आवृत्तीपासून वर्ग सोडण्याचा धोका असलेले विद्यार्थी शोधणारा नमुना (मॉडेल) आहे. पण तो शिकवायला मागच्या वर्षांच्या, पूर्ण झालेल्या वर्गांच्या नोंदी लागतात. एका वर्गाच्या चाळीस मुलांवर तो काही शिकणार नाही.

या विषयात एक प्रकरण वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात २००७ पासून 'कोर्स सिग्नल्स' नावाची पद्धत होती. नोंदी आणि गुण पाहून विद्यार्थ्याला लाल, पिवळा किंवा हिरवा दिवा दाखवायची. दोन किंवा अधिक विषयांत हा दिवा अनुभवलेले विद्यार्थी टिकून राहण्याचं प्रमाण २१ टक्के अधिक, असा दावा गाजला. २०१३ मध्ये मायकेल कॉलफिल्ड आणि मायकेल फेल्डस्टाइन यांनी त्यावर बोट ठेवलं. जो विद्यार्थी जास्त काळ कॉलेजात टिकला, त्याच्या वाट्याला असे विषय जास्त येणारच. ज्याने साठ गणपती पाहिले तो साठीचा असतो. गणपती पाहिल्याने आयुष्य वाढलं असा हिशोब कुणी मांडत नाही. तिथे जवळजवळ तसा मांडला गेला होता.

आपल्या प्रकल्पांत हा उलटा हिशोब सर्रास असतो. 'ज्यांनी सूचना जास्त उघडल्या त्यांना गुण जास्त.' अहो, अभ्यासू पोरच सूचना उघडतं.

मग सूचनांचा परिणाम तपासायचा कसा?

चिठ्ठ्या टाकून दोन गट करा, एकाला सूचना द्या, दुसऱ्याला काही आठवडे देऊ नका, मग गट अदलाबदल करा म्हणजे कुणावर अन्याय नको. पण चिठ्ठ्या मुलांच्या नावाने टाकू नका, घराच्या नावाने टाका. एका फोनवर दोन भावंडं असली की एकाची सूचना दुसऱ्याला दिसतेच. लहान वाडी असेल तर वाडीच्या नावाने टाका, कारण संध्याकाळी देवळाच्या कट्ट्यावर 'तुला मेसेज आला काय?' हे विचारलं जाणारच.

तीस-चाळीस मुलांच्या वर्गावर सांख्यिकीचा मोठा डोलारा उभारू नका. मार्गदर्शक आग्रह धरतात, हे ठाऊक आहे. तक्ता एक पानाचा द्या आणि मुलाखती दहा पानांच्या.

मोठ्या आकड्यांवर हात बसवायचा असेल तर ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीने २०१७ मध्ये नावं काढून खुला केलेला नोंदसंच आहे. त्यात ३२,५९३ विद्यार्थी आणि एक कोटीहून अधिक ओळी आहेत. रीत त्यावर शिका. निष्कर्ष मात्र तिथलेच राहतील.

नोंदींमध्ये खड्डे दिसतात. त्या आठवड्यांत कुणीच आलं नाही. वगळू का?

वगळण्याआधी पंचांग आणि शेत बघा. खानापूरच्या बाजूला जुलैत भाताची रोप लावण असते आणि मोठी मुलं शिवारात असतात. चिकोडी, निपाणीकडे कारखाने सुरू झाले की ऊसतोडीची गडबड. बेळगाव शहरात गणपतीच्या दहा दिवसांत माझ्या मूडलवर मीच एकटा असतो. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या पौर्णिमेला घरंच्या घरं बंद.

शिवाय सुट्ट्या. कर्नाटकातल्या शाळांना मधली मोठी सुट्टी दसऱ्याला, महाराष्ट्रातल्यांना दिवाळीला. आपलं वर्ष जूनच्या सुरुवातीआधीच उघडतं, त्यांचं जूनच्या मध्याला. पुण्या-मुंबईत बनलेल्या अ‍ॅपमधलं तयार वेळापत्रक वापरलं की दसऱ्याच्या सुट्टीत आपल्या मुलांना 'तुम्ही मागे पडत आहात' असं ऐकावं लागतं, आणि दिवाळीत शाळा चालू असताना अ‍ॅप 'शुभ दीपावली' म्हणून गप्प बसतं. हे खड्डे तुमच्या अभ्यासाचा माल आहेत. ठेवा.

परवानगी कुणाची घ्यायची? कायदा काय म्हणतो?

शाळेची, पालकांची, आणि मुलांची. तिन्ही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे. त्यात १८ वर्षांखालचा प्रत्येक जण मूल धरला आहे, म्हणजे पीयूसीची बहुतेक मुलंही आली. मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती लागते, आणि मुलांवर पाळत ठेवणं किंवा त्यांच्या वागण्याचा माग काढणं याला मनाई आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेल्या नियमांत शिक्षणसंस्थांना शैक्षणिक कामापुरती आणि मुलांच्या सुरक्षिततेपुरती यातून सूट दिली आहे. सगळ्या तरतुदी एकदम नव्हे, टप्प्याटप्प्याने लागू होणार आहेत. शाळेला सूट आहे म्हणजे शाळेत आलेल्या संशोधकाला आपोआप आहे, असं समजू नका.

संशोधनासाठीही कायद्यात वेगळी सवलत आहे, पण त्या माहितीवरून एखाद्या विशिष्ट व्यक्तीबद्दल निर्णय घेतला जाऊ नये ही अट आहे. सरळ अर्थ : ज्या नोंदींवर तुमचा प्रबंध, त्याच नोंदी दाखवून मुख्याध्यापकांनी एखाद्या पोराचे अंतर्गत गुण कापले, तर ते संशोधन राहत नाही. नोंदी हातात घेण्याआधी हे शाळेकडून लेखी घ्या.

संमतीपत्र एका पानाचं, मराठीत, आणि ज्या घरी लागेल तिथे कन्नडमध्ये. वाचून दाखवा. 'सही करा हो, शाळेचं आहे' म्हटलं की आपल्याकडे कुणीही सही करतं. ती संमती नव्हे.

नावं काढून टाकली की झालं ना?

मोठ्या शहरात कदाचित. पण 'आठवी, मुलगी, अमुक वाडी, आई अंगणवाडीत' एवढं लिहिलंत की अख्ख्या पंचक्रोशीला ती कोण ते कळतं. वाडीचं नाव काढून 'तालुक्याचा पश्चिम भाग' लिहा, आईचा व्यवसाय वगळा. पाचपेक्षा कमी मुलं असलेला कोणताही गट तक्त्यात वेगळा दाखवू नका. आणि पडद्याचं छायाचित्र प्रबंधात चिकटवताना कोपऱ्यातलं नाव खोडलंत का, ते दोनदा बघा. आडनावावरून गाव ओळखणारी माणसं आहोत आपण.

पालकांना सगळ्या नोंदी दाखवाव्यात का?

मी दाखवत नाही. काय राहिलं आहे ते कळवतो. कधी आला, किती वेळ होता, किती चुकला, हे नाही. एका काकांनी मुलाच्या क्लिकची यादी मागितली होती. का हवी म्हणून विचारलं तर म्हणाले, 'रात्री मोबाइल घेऊन बसतोय, अभ्यासच करतोय काय ते बघायचंय.' त्यांना म्हटलं, काका, यादीत ते दिसत नाही. शेजारी जाऊन बसा थोडा वेळ. त्यांना माझं उत्तर पटलं असं वाटलं नाही.

माझ्याकडे एकच वर्ग आणि दोन महिने आहेत. सुरुवात कुठून करू?

पहिल्या आठवड्यात काहीही मोजू नका. प्रत्येक मुलाच्या घरी फोन किती, कुणाचे, संध्याकाळी कुणाच्या हातात, रेंज कुठे मिळते, घरात कोण कोणती लिपी वाचतं, एवढं वहीत लिहा. दुसऱ्या आठवड्यात धड्यांच्या पूर्णतेच्या अटी आणि सर्व्हरची वेळ तपासा. मग नोंदी चालू. वही पाणी लागणार नाही अशी ठेवा. माझी पहिली वही कणकुंबीच्या पावसात गेली.